163 अर्जांनंतर

वाचकाचे पत्र

आदरणीय महोदय,
स. न. वि. वि.

मी 32 वर्षांचा असून यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात अभियंता म्हणून काम करतो. येथे चार वर्षे सात महिने झाले आहेत. त्याआधी सातपूरला साडेतीन वर्षे होतो. हातात 31,000 रुपये पडतात. पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट आहे, त्याचा हप्ता 14,200 रुपये आहे. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी तीन वर्षांची आहे आणि मधुमेह असलेले वडील आमच्याजवळ राहतात.

गेल्या वर्षी साहेब बदलले आणि तेव्हापासून कामात जीव रमत नाही. ग्राहकाकडून तक्रार आली की दोष आमच्या विभागाचा, आणि माल थांबवला की उत्पादन अडवल्याचा ठपकाही आमच्यावरच. पाच महिन्यांत 163 ठिकाणी अर्ज केले. सहा फोन आले, दोन मुलाखती झाल्या. चाकणच्या एका कंपनीने वार्षिक 5,40,000 रुपयांचे पत्र दिले आहे. 45 दिवसांत रुजू व्हायचे आहे, माझी नोटीस मात्र दोन महिन्यांची आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर मागितले आहे. तेथे मित्राच्या खोलीत राहिल्यास भाडे व मेस मिळून 9,000 रुपये लागतील. दरम्यान एक कन्सल्टंट 5,000 रुपये भरल्यास सिन्नरच्या मोठ्या कंपनीत 'आतून' काम करून देतो म्हणतो. चाकणला जावे का? न गेल्यास आणखी किती अर्ज करावेत?

ता. क. सांगण्यासारखे फार काही नाही. पण आमच्या ब्रॅकेटच्या लाइनवर छिद्राच्या जागेची तक्रार वर्षभर चालू होती. नग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजते हे मी शोधून काढले आणि ती किती नगांनंतर बदलायची याचे वेळापत्रक लावले. ग्राहकाकडचे रिजेक्शन 1,800 पीपीएमवरून (दहा लाख नगांमागे 1,800 सदोष नग) 300 च्या आत आले.

एक वाचक, नाशिक

उत्तर

सस्नेह नमस्कार.

शुक्रवार जवळ आला आहे, म्हणून आधी चाकणचे पाहू. पत्रासोबत तुम्ही पगाराच्या तपशिलाचा कागद जोडला, हे फार बरे केले. कारण 5,40,000 हा आकडा ऐकायला भारदस्त असला तरी घर चालते ते महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर. वर्षाचे 5,40,000 म्हणजे महिन्याचे 45,000. त्यातून कंपनी आपल्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी म्हणून भरणार ते 1,800, ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून दाखवलेले 1,082, वैद्यकीय विम्याचे 500 आणि 'कामगिरीनुसार' वर्षाखेर द्यायच्या 48,000 रुपयांचा मासिक भाग म्हणजे 4,000 एवढे वजा केले की 37,618 उरतात. त्यातून तुमच्या स्वतःच्या वाट्याचा निधी 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात साधारण 35,600 रुपये येतील. आज 31,000 येतात. म्हणजे ज्या वाढीसाठी घर सोडायचे ती वाढ 4,600 रुपयांची आहे आणि खोली व मेस यांचाच खर्च तुम्ही 9,000 लिहिला आहे. दर शनिवारी रात्री नाशिकची एसटी पकडायची आणि रविवारी रात्री परत फिरायचे, त्याचे भाडे मी अजून धरलेलेही नाही.

आता दुसरी बाजू पाहा. पाच महिन्यांनी तुमची सलग पाच वर्षे पूर्ण होतात. 1972 च्या कायद्यापासून चालत आलेल्या ग्रॅच्युइटीच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांची अट पूर्ण केली की नोकरी सोडताना दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते आणि दिवसाचे वेतन काढताना महिना 26 दिवसांचा धरतात. तुमचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 19,500 रुपये आहेत, असे सोबतच्या पगारपत्रकावरून दिसते. त्या आकड्यावर वर्षाला 11,250 आणि पाच वर्षांचे 56,250 रुपये होतात. चाकणच्या मुदतीत रुजू व्हायचे तर ही रक्कम जवळजवळ नक्कीच हातची जाईल, शिवाय नोटिशीचे कमी पडणारे पंधरा दिवस पगारातून कापले जातील ते वेगळेच. नोटिशीचा काळ नोकरीतच मोजला जातो. त्यामुळे पुढचे तीन महिने शोधण्यात घालवून मग राजीनामा दिला, तर नोटीस संपताना पाच वर्षे भरतात. शेवटची तारीख मात्र पाच वर्षांच्या अलीकडे नव्हे, चार दिवस पलीकडेच जाईल असे बघा; काठावर उभे राहून कार्मिक विभागाशी वाद घालण्यात हशील नाही.

तेव्हा चाकणला नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चाकण वाईट नाही. तुम्ही चोवीस वर्षांचे आणि एकटे असता, तर मोठ्या प्लांटमध्ये शिकायला मिळते म्हणून मीच तुम्हाला बॅग भरायला सांगितली असती. पण आज तुमच्या घरी वडिलांची औषधे आणि तीन वर्षांची मुलगी यांचा रोजचा भार पत्नीवर एकटीवर पडेल, आणि तो सोसून महिन्याच्या अखेरीस घरात आजच्यापेक्षा कमी पैसे येतील. असा व्यवहार करण्याइतकी तुमची सध्याची नोकरी वाईट आहे असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. ती त्रासदायक आहे. पण त्रासदायक नोकरीत पाच महिने काढता येतात, विशेषतः त्यांचा शेवट कोणत्या आठवड्यात आहे हे ठाऊक असेल तर.

आता 163 अर्जांविषयी. तुम्ही विचारता, आणखी किती करू. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही: हे अर्ज कोणत्या कंपन्यांकडे केले, त्यांतल्या एकीचेही नाव किंवा वर्णन तुम्ही दिलेले नाही. मला वाटते ते तुम्हालाही आठवत नसावे. रात्री जेवण झाल्यावर मोबाइल हातात घ्यायचा, नोकरी डॉट कॉमवर 'क्वालिटी इंजिनिअर, नाशिक' असे टाकायचे आणि जे समोर येईल त्यावर बोट ठेवत जायचे, अशी ती पद्धत असणार. यात आपण काहीतरी करतो आहोत असे समाधान मिळते आणि झोप बरी लागते, एवढाच तिचा उपयोग. मी सातपूरमध्ये 29 वर्षे कार्मिक विभागात काढली आहेत. तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूचे सांगतो. एका जागेसाठी अर्जांचा ढीग आला की पहिल्या वाचनात आम्ही एवढेच पाहत असू, की या माणसाला आमच्याकडे काय बनते हे माहीत आहे का. बहुतेक अर्जांत त्याचा मागमूस नसे आणि ते अर्ज ज्या वेगाने पाठवलेले असत त्याच वेगाने बाजूला पडत.

निवड करायची तर निवडीला कसोटी हवी, आणि तुमची कसोटी तुमच्याच तक्रारीत आहे. माल सुटला तरी दोष आमचा आणि थांबवला तरी आमचा, असे तुम्ही लिहिता. ही ओढाताण साहेब बदलल्यामुळे वाढली असेल, परंतु ती केवळ साहेबांच्या स्वभावातून आलेली नाही. जेथे गुणवत्ता विभागाचा प्रमुख उत्पादन व्यवस्थापकाच्या हाताखाली असतो, तेथे महिनाअखेरीस गाडी भरायची घाई झाली की लाल पेटीतला नाकारलेला माल निर्णय बाकी असलेल्या पिवळ्या पेटीत आणि पिवळ्या पेटीतला चांगल्या मालाच्या हिरव्या पेटीत जाऊ लागतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलेले आहे. जेथे तो थेट मालकाला किंवा मुख्य कार्यालयाला उत्तर देतो, तेथे माल थांबवणाऱ्याची सही टिकते. नवी कंपनी निवडताना पगाराच्याही आधी विचारण्याचा प्रश्न हाच आहे, की तेथे गुणवत्ता विभाग कोणाला उत्तर देतो. हे न विचारता दहा हजार जास्त घेऊन गेलात, तर वर्षभराने याच मजकुराचे दुसरे पत्र मला येईल. फक्त पाथर्डी फाट्याऐवजी पत्ता वेगळा असेल.

ही कसोटी घेऊन एका वहीत बारा कंपन्यांची यादी करा. बारा हा काही शास्त्रातला आकडा नाही, पण नोकरी सांभाळून तीन महिन्यांत एवढ्याच कंपन्यांची नीट माहिती काढता येते. आधी अंतर पाहा. अंबड आणि सातपूर तुम्हाला घरापासून जवळ आहे. महामार्गाने गोंदे आणि वाडीवऱ्हे हा पट्टाही बसची सोय असेल तर अवघड नाही. सिन्नरची माळेगाव आणि मुसळगाव ही क्षेत्रे साधारण 30 किलोमीटरवर आहेत. कंपनीची बस गरवारे पॉइंटवरून किंवा पाथर्डी फाट्यावरून तुम्हाला घेणार असेल तर ती यादीत ठेवा, पण स्वतःच्या मोटारसायकलने जायचे असेल तर महिन्याला 1,500 किलोमीटर होतात, पेट्रोलचे साडेतीन हजारांच्या आसपास जातात आणि तिसऱ्या पाळीनंतर पुणे महामार्गावर झोप सांभाळत यावे लागते. ते मी कोणालाच सुचवणार नाही. दिंडोरी आणि ओझर तुम्हाला शहर ओलांडून जावे लागेल. द्वारका चौकात सकाळी काय होते ते नाशिककराला सांगायला नको.

मग उद्योग पाहा. तुम्ही आजवर वाहन उद्योगात काम केले आहे, तुम्हाला आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची कागदपत्रे, पीपीएपी (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) आणि ग्राहकाचे ऑडिट हे सगळे सरावाचे आहे, तेव्हा यादीतल्या सात-आठ जागा त्याच उद्योगातल्या असाव्यात. बॉश, महिंद्र, सीएट यांसारख्या मोठ्या कारखान्यांच्या भोवती आपल्याकडे पुरवठादारांची वस्ती उभी राहिली, आणि पदविकाधारक गुणवत्ता अभियंत्याला खरी मागणी त्या पुरवठादारांकडेच असते. (जुने लोक बॉशला अजून मायकोच म्हणतात आणि मायको सर्कलचे नावही काही बदललेले नाही.) नाशिकमधला दुसरा मोठा उद्योग विद्युत उपकरणांचा आहे, सीमेन्स, एबीबी, सीजी आणि त्यांना पॅनेल, तांब्याच्या पट्ट्या, पत्र्याचे भाग पुरवणारे कारखाने त्यात येतात. तेथे मोजमापाचे तुमचे कौशल्य जसेच्या तसे चालेल, विद्युत चाचण्या मात्र शिकाव्या लागतील. यांतल्या दोन कंपन्या यादीत घाला.

तिसरा विचार ओझरचा. एचएएल या विमाने बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा तेथील कारखाना 1964 पासूनचा आहे आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तेजस एमके-1ए विमानांची उत्पादन साखळी तेथे सुरू झाल्यापासून प्रत्येक कट्ट्यावर 'आता ओझरलाच जायचे' हे ऐकू येते. उत्साह चांगला आहे, पण तुमच्यासारख्याला तेथे वाट असलीच तर ती विमानांचे भाग करणाऱ्या छोट्या पुरवठादारांतून आहे, आणि ते काम वेगळ्या जातीचे आहे. तुमच्याकडे एका पाळीत हजार ब्रॅकेट निघतात. तिकडे दहा नगांची बॅच असते आणि पहिल्या नगाच्या तपासणीची फाइल त्या नगापेक्षा जड असते. एएस 9100 ही विमान उद्योगातली गुणवत्ता प्रणाली आयएटीएफच्या माणसाला परकी वाटत नाही, ती आधी वाचून घ्या आणि अशी एक-दोन नावे यादीच्या शेवटी ठेवा. पाच महिन्यांची योजना मात्र त्यांच्यावर उभी करू नका.

नावे मिळवायला निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांच्या सभासदांची माहिती उपयोगी पडते, पण आतली खबर तेथे मिळत नाही. ती ज्यांच्याकडे असते त्यांना तुम्ही दर आठवड्याला भेटता आणि एक चहा पाजून वाटेला लावता. तुमच्याकडे गेज आणि मायक्रोमीटर ही मोजमापाची साधने कॅलिब्रेशनसाठी (अचूकता तपासण्यासाठी) न्यायला येणारा प्रयोगशाळेचा माणूस महिन्यात चाळीस कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांत जाऊन येतो. कुठला इन्स्पेक्टर सोडून गेला, कुठे मोजमापाचे नवे सीएमएम मशीन आले आणि ते चालवायला माणूस नाही, कुठे पगार दोन महिने लांबला आहे, हे त्याला नोकरी डॉट कॉमच्या आधी कळते. कटिंग टूल विकणारे प्रतिनिधी आणि ग्राहकाकडून येणारे ऑडिटर यांचेही तसेच. त्यांना 'माझ्यासाठी शब्द टाका' असे म्हणू नका. ते त्यांच्या धंद्याला अडचणीचे होते. 'अमुक कंपनीत गुणवत्तेचे साहेब कोण आहेत, माणूस कसा आहे' एवढेच विचारा. जुने सहकारी जेथे गेले आहेत त्यांच्यापैकी दोघांना रविवारी मिसळ खायला बोलवा. तर्रीवर माणूस खरे बोलतो, आणि नाशकात त्यासाठी वेगळे निमित्त लागत नाही.

एक सावधगिरी यातच सांगतो. अंबड-सातपूर हे दिसायला मोठे असले तरी गुणवत्ता प्रमुखांचे वर्तुळ एवढेसे आहे आणि ते एकमेकांना फोन करतात. ज्या दोघांशी बोलाल ते तोंड बंद ठेवणारे असावेत. नोकरीच्या संकेतस्थळांवर आपली माहिती ठरावीक कंपन्यांना दिसू नये अशी सोय असते, तेथे तुमच्या सध्याच्या कंपनीचे नाव आजच घाला. पाच महिने ती माहिती उघडी आहे, याचा अर्थ तुमच्या कार्मिक विभागाने ती पाहिली नसेलच असे नाही.

आता तुमच्या ताज्या कलमाकडे येतो, कारण सबंध पत्रात मला तेच सर्वांत मोलाचे वाटले आणि तुम्ही ते 'सांगण्यासारखे फार काही नाही' म्हणून तळाशी टाकले आहे. सोबत पाठवलेल्या बायोडाटात तुम्ही लिहिता, 'गुणवत्ता नियंत्रण, ग्राहक तक्रार निवारण आणि रिजेक्शन कमी करण्याची जबाबदारी'. हे वाक्य नाशिकमधल्या प्रत्येक गुणवत्ता अभियंत्याच्या बायोडाटात आहे. मी त्याच्याच किती प्रती वाचल्या असतील त्याची गणती नाही. त्या जागी असे लिहा: 'ब्रॅकेटच्या लाइनवर छिद्राच्या स्थानाबाबत ग्राहकाची तक्रार वर्षभर चालू होती. फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजल्याने नग सरकतो हे शोधले. पिन किती नगांनंतर बदलायची ते ठरवून बदलाची नोंद पाळीच्या तपासणी पत्रकात आणली. ग्राहकाकडील रिजेक्शन 1,800 पीपीएमवरून 300 च्या आत आले.' यात एकही मोठा शब्द नाही, पण हे वाचणाऱ्या गुणवत्ता प्रमुखाच्या डोळ्यांसमोर ती पिन येते आणि त्याच्याकडच्या अशाच एखाद्या चालू तक्रारीची त्याला आठवण होते. मुलाखतीला बोलावणे येते ते त्या आठवणीमुळे. आठ वर्षांत अशा आणखी तीन गोष्टी नक्की घडल्या असतील. त्या शोधून लिहिल्या की बायोडाटा एका पानात संपवा. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद म्हणून 'वाचन व क्रिकेट' हे सगळे काढून टाका. यादीतल्या ज्या कंपनीला पाठवाल तिच्या मालाशी जुळणारी गोष्ट दर वेळी सर्वांत वर आणा. एका अर्जाला एक संध्याकाळ लागेल. आठवड्याला एक-दोनच अर्ज होतील आणि तेवढेच व्हायला हवेत.

बोलावणे आले तरी ती कंपनी तपासल्याशिवाय मुलाखतीच्या पुढे जाऊ नका. यात मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. नव्वदीच्या दशकात, हाताशी बरी नोकरी असताना, केवळ पद मोठे मिळते म्हणून मी एका कंपनीत गेलो. मुलाखत वीस मिनिटांत संपली आणि त्याच दुपारी पत्र हातात पडले, तेव्हा मला माझ्या हुशारीचे कौतुक वाटले. तिसऱ्या महिन्यात पगार बाविसाव्या तारखेला झाला. मग फाइली चाळताना कळले, की माझ्या खुर्चीत दोन वर्षांत तीन माणसे बसून गेली होती. मी कार्मिक विभागाचा माणूस, दुसऱ्यांना नेमणारा. आणि 'ही जागा का रिकामी झाली' हे विचारायचे मला सुचले नव्हते. सात महिन्यांनी मी तेथून निघालो आणि आधीच्यापेक्षा कमी पगारावर बसलो. तेव्हा हा प्रश्न मुलाखतीत विचारा, साध्या आवाजात विचारा आणि उत्तर देताना समोरचे दोघे एकमेकांकडे पाहतात का, तेही पाहा.

त्या काळी जे कळायला मार्ग नव्हता ते आज घरबसल्या कळते. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचा शोध घेण्याची सोय आहे. तेथे कंपनीचे नाव टाकले की कोणत्या महिन्याचा निधी कोणत्या तारखेला भरला आणि तो किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, हे दिसते. निधी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. कंपनी दर वेळी दोन-दोन महिने मागे असेल, किंवा वर्षापूर्वी 140 माणसांचा भरणा होता आणि आता 90 चा आहे असे दिसले, तर मुलाखत घेणाऱ्याने विस्ताराच्या कितीही गोष्टी सांगितल्या तरी त्या ऐकून घ्याव्यात आणि नमस्कार करून यावे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षीचा दाखल झाला आहे तेही पाहता येते. या दोन्ही गोष्टींना मिळून अर्धा तास लागतो.

आणि मग शॉपवर, म्हणजे उत्पादन चालते तेथे, एक फेरी मागा. गुणवत्तेच्या माणसाने लाइन पाहायची आहे म्हटले तर त्यात वावगे काही नाही. जे दाखवायला कां-कूं करतात त्यांचे उत्तर तेथेच मिळाले. फेरीत मशीन पाहत बसू नका. लाल पेटीला कुलूप आहे का ते पाहा. टेबलावरच्या व्हर्नियरवर कॅलिब्रेशनचे स्टिकर असते, त्यावरची पुढची तारीख उलटून गेली आहे का ते जाता जाता वाचा. ऑपरेटरच्या समोरचे तपासणी पत्रक सकाळच्या नऊ वाजताच दिवसभराचे भरून ठेवलेले असेल, तर त्या कंपनीत तुमच्या सहीची किंमत काय राहील ते मी सांगायला नको. परत येऊन बसलात की आपला प्रश्न विचारा: 'मागच्या वेळी गुणवत्ता विभागाने माल थांबवला तेव्हा पुढे काय झाले?' चांगल्या कंपनीत याला तारीखवार उत्तर मिळते, बहुधा थोड्या अभिमानाने. वाईट कंपनीत 'आमच्याकडे तशी वेळच येत नाही' असे सांगतात.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. हातात किती हवे तो आकडा आधी पत्नीबरोबर बसून ठरवा. तुमच्या हिशेबाने नाशिकमध्येच 36,000 मिळाले तर ते चाकणच्या 45,000 पेक्षा जास्त भरतात. वडिलांना कंपनीच्या वैद्यकीय विम्यात घेतात का आणि आधीपासूनच्या आजाराला तो लागू होतो का, हे मात्र आवर्जून आणि लेखी विचारा. तुमच्या घरात दोन हजारांच्या पगारवाढीपेक्षा याला महत्त्व आहे. नेमणुकीचे पत्र तपशिलासह हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका, आणि दिलात की निधीचे खाते त्याच यूएएनवर, म्हणजे निधीच्या कायम क्रमांकावर, पुढे न्या. मधल्या काळात अडचण आली म्हणून ती रक्कम काढण्याचा मोह टाळा.

तीन महिन्यांत बारांपैकी एकही जमली नाही तर काय, ही शंका तुमच्या मनात आली असेल. तसे झाले तर वही काढून पाहा, की बोलावणेच आले नाही की बोलावणे येऊन तुम्हीच नको म्हणालात. पहिले असेल तर बायोडाटा मला पाठवा, आपण पुन्हा बसू. दुसरे असेल तर काळजी करू नका; पाच वर्षांची अट पूर्ण होऊन गेली, की मग तुम्हाला कोणतीही तारीख गाठायची नसते आणि यादीत आणखी सहा नावे घालता येतात.

चाकणच्या कंपनीला शुक्रवारची वाट न पाहता गुरुवारीच कळवा. आधी फोन करा, मग चार ओळींचे ईमेल पाठवा. घरच्या जबाबदारीमुळे सध्या नाशिक सोडणे शक्य नाही, एवढे खरे कारण पुरे आहे. ज्या गुणवत्ता प्रमुखांनी तुमची मुलाखत घेतली त्यांना वेगळे दोन शब्द लिहा. त्यांनी तुम्हाला निवडले होते, आणि चाकणची माणसे नाशिकच्या पुरवठादारांकडे ऑडिटला येत असतात.

राहिला तो कन्सल्टंट. कामाचा कन्सल्टंट आपले शुल्क माणूस मागणाऱ्या कंपनीकडून घेतो, नोकरी शोधणाऱ्याकडून घेत नाही. त्याने सिन्नरच्या ज्या कंपनीचे नाव घेतले असेल तिच्या कार्मिक विभागात स्वतः फोन करून ही जागा आहे का, एवढे विचारा. आणि ते पाच हजार रुपये देऊ नका.